स्वयंपाकघरातला हीट अलार्म: घ्यायचा कसा, लावायचा कुठं?

(सामुदायिक रेडिओवरच्या दुपारच्या कार्यक्रमातलं बोलणं)

जेवणं आटोपून, भांडी घासून आता कुठे जरा टेकला असाल. कोणी तांदूळ निवडत ऐकत असेल, कोणी बाळाला मांडीवर घेऊन. हातातलं काम चालू ठेवा, पण जवळ एक कागद आणि पेन असू द्या. आज काही आकडे सांगणार आहोत, ते लिहून घेतलेले बरे.

आजचा विषय आहे हीट अलार्म, म्हणजे उष्णतेची घंटा. चहाच्या बशीएवढं पांढरं यंत्र. ते छताला लावायचं. खोलीत आग लागून वरची हवा तापली की ते जोरजोरानं ओरडतं. शहरातल्या हॉटेलात, दवाखान्यात छताला असं काहीतरी गोल लावलेलं तुम्ही पाहिलं असेल. आपल्या घरात, आपल्या गटाच्या खोलीत ते लावावं का, कोणतं घ्यावं आणि कुठं लावावं, हे आज बोलू. पण आधी आमची स्वतःची फजिती सांगतो, कारण ती सांगितल्याशिवाय बाकीचं नीट कळणार नाही.

आमच्या खोलीतला लाल दिवा

आमच्या गटाचं मिरची कांडपाचं काम आहे. आमचा भाग भिवापुरी मिरचीचा, त्यामुळे माल गावातच मिळतो. गटातल्या एका ताईंच्या घरालगतची टिनाची खोली आम्ही भाड्यानं घेतली, बँकेचं कर्ज काढून कांडप मशीन बसवलं. मशीन आलं तेव्हाच बैठकीत विषय निघाला, की मोटार आहे, वायरी आहेत, मालाची पोती आहेत, रात्री खोलीत कोणी नसतं, तर आग लागल्यावर कळावं असं काहीतरी लावू. एकजण म्हणाली, "त्यापेक्षा पंखा घेऊ, मिरचीनं जीव जातो." थोडी वादावादी झाली आणि शेवटी यंत्राचा ठराव झाला.

आम्ही तालुक्याला गेलो. दुकानात "आगीचं यंत्र द्या" एवढंच म्हणालो. दुकानदारानं जे दिलं ते घेतलं. गावातल्या वायरमनदादांनी ते टिनाखालच्या आडव्या बल्लीवर बसवून एका अडॅप्टरला जोडून दिलं. त्यात एक लाल दिवा लुकलुकायला लागला. आम्ही सगळ्या खूश. कोणी म्हणालं, "आता झोपा निवांत, राखणदार ठेवला."

होळीला आठ दिवस होते. रात्री मोटारीच्या स्विचबोर्डात ठिणगी पडली, शेजारच्या पोत्यांनी पेट घेतला. यंत्र काही ओरडलं नाही. गल्ली जागी झाली ती मिरचीच्या ठसक्यानं. पलीकडच्या खोलीत झोपलेल्या आजी खोकत खोकत बाहेर आल्या आणि त्यांनी हाका मारल्या. पाच मिनिटांत सगळी आळी शिंकत, डोळे चोळत रस्त्यावर. कोणीतरी मेन स्विच बंद केला, मग बोअरच्या पाण्यानं आग विझवली. माल गेला, मोटार गेली. एक पोतं तरी वाचवावं म्हणून आमची एक मैत्रीण आत धावली, तिच्या उजव्या हाताला भाजलं. तो चट्टा आजही आहे. कर्जाचे हप्ते मात्र ठरल्या तारखेलाच भरावे लागले.

नंतर अग्निशमनाचं काम जाणणाऱ्या एका माणसाला ते यंत्र दाखवलं. ते म्हणाले, "बाई, याला आवाजच नाही." आम्ही घेतलं होतं ते मोठ्या इमारतीत बसवायचं यंत्र. ते स्वतः वाजत नाही. त्याची तार एका मोठ्या पेटीला, म्हणजे पॅनलला जाते, आणि भोंगा त्या पॅनलवर वाजतो. आमच्याकडे ना पॅनल, ना भोंगा. उष्णता लागल्यावर त्याचा लुकलुकणारा दिवा कायमचा लाल झाला असेल, पण मध्यरात्री बंद खोलीत तो बघायला होतं कोण?

मैत्रिणींनो, यंत्र खराब नव्हतं. दुकानदारानं विचारलं नाही आणि आम्हीही काही विचारलं नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे बसवल्यावर ते एकदाही वाजवून पाहिलं नाही. म्हणून आजचं हे बोलणं.

धुराचा अलार्म की उष्णतेचा?

बाजारात घरासाठी दोन मुख्य प्रकार मिळतात. एक धुराचा, म्हणजे स्मोक अलार्म. त्याच्या आत एक काळोखी डबी असते, तिच्यातून प्रकाशाचा किरण जातो. धुराचे कण आत शिरले की प्रकाश विखुरतो, यंत्राला कळतं, ते वाजतं. हा अलार्म लवकर वाजतो, कारण बहुतेक आगीत ज्वाळा मोठ्या होण्याआधी धूर होतो.

पण आपल्या स्वयंपाकघरात धूर कधी नसतो? १ मे २०१६ ला उज्ज्वला योजना सुरू झाली, सिलिंडर घरोघरी आले, पण चूल गेली नाही. आंघोळीचं पाणी चुलीवर, भाकरी चुलीवर, पाहुणे आले की मोठं पातेलं चुलीवर. सरपणात पऱ्हाट्या, तुराट्या, गोवऱ्या. त्यात फोडणी आहे, मिरचीचा खकाणा आहे, सांजेची धूप-अगरबत्ती आहे. अशा ठिकाणी धुराचा अलार्म दिवसातून चारदा वाजेल. पहिल्या दिवशी घरचे धावत येतील, तिसऱ्या दिवशी कोणी बघणार नाही, आठवड्यानं घरातलं पोरगं स्टुलावर चढून त्याची बॅटरी काढून ठेवेल. बॅटरी काढलेला अलार्म म्हणजे छताला चिकटवलेली रिकामी डबी.

दुसरा प्रकार उष्णतेचा, म्हणजे हीट अलार्म. याला धुराशी देणंघेणं नाही, धुळीशी नाही, मिरचीच्या भुकटीशी नाही. याच्यात एक बारीक मणी असतो, तापला की त्यातून जाणाऱ्या विजेत फरक पडतो. म्हणून चूल असलेलं स्वयंपाकघर, कांडपाची खोली, पिठाची गिरणी, धान्याची बंद खोली अशा धुराच्या आणि धुळीच्या जागांना तो बरा.

त्यातही दोन जाती आहेत. पहिली ठरावीक तापमानाला वाजणारी. ही कुकरच्या शिट्टीसारखी. ठरलेली हद्द गाठली की वाजणार, त्याआधी नाही. घरगुती हीट अलार्म बहुतेक ५४ ते ६५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान वाजतात, पुष्कळांवर ५७ किंवा ५८ लिहिलेलं असतं. दुसरी जात वेगावर लक्ष ठेवणारी. दूध तापत ठेवलंय, बराच वेळ शांत आहे आणि एकदम वर चढायला लागलं की आपण धावतो ना, तसं. हवेचं तापमान मिनिटाला सुमारे ८ अंशांच्या वेगानं चढायला लागलं की हे यंत्र वाजतं, मग आकडा ५७ वर पोचलेला असो वा नसो.

वेगवाली जात जास्त हुशार वाटते. पण चुलीजवळ ती नको. वाळक्या पऱ्हाट्यांचा जाळ भडकला, भाताच्या मोठ्या भगोण्यावरचं झाकण काढलं आणि भपकन वाफ वर गेली, की ती फसते. स्वयंपाकघराला ठरावीक तापमानाची घ्या. साठवणीच्या बंद खोलीत, जिथं चूल नाही की शेगडी नाही, तिथं वेगवाली चालते. काही यंत्रांत दोन्ही गुण एकत्र असतात, म्हणून डब्यावर काय लिहिलंय ते वाचून घ्या. वाचता आलं नाही तर शाळेत जाणाऱ्या मुलीला सोबत न्या.

दुकानात विचारायचे पाच प्रश्न

आता कागद-पेन काढा.

पहिला प्रश्न: हे यंत्र एकटं वाजतं का, की पॅनल लागतं? दुकानदाराला सांगा, "स्टँड-अलोन पाहिजे, आतच भोंगा असलेलं." नुसतं "हीट डिटेक्टर" म्हणालात तर पॅनलवालं हाती येण्याची शक्यता मोठी. ते २४ व्होल्टवर चालतं आणि त्याला बॅटरीची जागाच नसते. यंत्र उलटं करून बघा. बॅटरीचा कप्पा नसेल, सीलबंद बॅटरीची नोंदही नसेल, नुसती तारा जोडायची जागा असेल, तर ते आपल्या कामाचं नाही.

दुसरा: किती अंशाला वाजतं? आकडा डब्यावर असतो. तो लिहून घ्या. टिनाच्या छताबद्दल पुढं सांगतो तेव्हा याच आकड्याची गरज पडेल.

तिसरा: बॅटरी कोणती? काहींना ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी लागते, ती बदलावी लागते. काहींत १० वर्षं टिकणारी सीलबंद लिथियम बॅटरी असते, ती काढताच येत नाही. रिमोट बंद पडला की आपल्या घरात आधी भिंतीवरच्या घड्याळाची बॅटरी निघते, मग इतर. म्हणून सीलबंदवालं थोडं महाग पडलं तरी परवडतं. नुसतं लाईटवर चालणारं घेऊ नका. भारनियमनात ते झोपतं, आणि आगीत मेन स्विच बंद केला की तेव्हाही झोपतं.

चौथा: आवाज किती? चांगल्या अलार्मवर ३ मीटर अंतरावर ८५ डेसिबल असं लिहिलेलं असतं. गाढ झोपेतून उठवायला एवढा आवाज लागतो.

पाचवा: मानक कोणतं? आपल्या देशात उष्णता ओळखणाऱ्या यंत्रांसाठी आयएस २१७५ हे मानक आहे. बाहेरून आलेल्या घरगुती हीट अलार्मवर बीएस ५४४६ भाग २ असं लिहिलेलं सापडतं. काहीच लिहिलेलं नसलेला, नुसता चकचकीत डबा असेल तर परत ठेवा.

आणि पैसे देण्याआधी दुकानातच त्याचं बटण दाबायला लावा. कानात बोटं घालावीशी वाटली तरच घ्या. आम्ही हे केलं असतं तर आज ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती.

टिनाचं छत आणि मे महिना

इथं जरा जास्त वेळ थांबू, कारण यंत्राच्या कागदावर हे आपल्यासाठी लिहिलेलं नसतं.

५७ अंशाचं यंत्र साधारण २५ अंशाच्या खोलीसाठी बनवलेलं असतं, आणि त्याच्या जागेचं तापमान जास्तीत जास्त ५० पर्यंत जावं अशी अपेक्षा असते. आपल्याकडे मे महिन्यात बाहेरच ४५ अंश होतात. टिनाखाली, अगदी पत्र्याला लागून, हवा त्याहून कितीतरी तापते. तिथं ५७ चं यंत्र चिकटवलं, तर आग नसतानाही भर दुपारी वाजेल. दोनदा वाजलं की घरचे काढून टाकतील.

मग करायचं काय? आधी एक साधं भिंतीवरचं थर्मामीटर घ्या. मे महिन्यातल्या दुपारी, दोन-तीनच्या सुमाराला, जिथं यंत्र लावायचंय तिथं तासभर टांगून ठेवा. पारा ४० च्या आसपास असेल तर ५७ चं चालेल. पारा ५० च्या टोकाला टेकत असेल तर तिथं ते नको. अशा जागेसाठी वरच्या वर्गाची यंत्रं असतात, त्यांना बी वर्ग म्हणतात. ती ६९ अंशांच्या खाली वाजत नाहीत, ६९ ते ८५ च्या दरम्यान वाजतात. मात्र या वर्गातली बरीच यंत्रं पॅनलवाली असतात, तेव्हा पहिला प्रश्न पुन्हा विचारायचा.

दुसरा उपाय सोपा आहे. यंत्र पत्र्याला न चिकटवता लाकडी फळीवर बसवा आणि फळी पत्र्याखाली चार-सहा इंचांवर येईल अशी लावा. पत्र्याला लागून असलेला सगळ्यात तापलेला थर वर राहतो, आणि आग लागलीच तर वर चढणारी गरम हवा यंत्राला भेटतेच. सहा इंचांपेक्षा खाली मात्र उतरवू नका, नाहीतर यंत्राला कळायला उशीर होईल.

ज्यांच्या छताला वरून पांढरा चुना मारलाय किंवा आतून सिलिंग आहे, त्यांची खोली कमी तापते. चुना मारायचा विचार असेल तर तो आधी करा, यंत्र नंतर घ्या.

कवेलूच्या घराबद्दल खरं सांगायचं तर तिथं हे यंत्र फारसं उपयोगी नाही. कवेलूच्या फटींतून गरम हवा निघून जाते, यंत्रापाशी साठत नाही. गोठा, कडब्याची गंजी, उघडी पडवी इथंही तेच. तिथं यंत्रापेक्षा गंजी घरापासून लांब रचणं आणि चुलीतली राख पाणी मारूनच बाहेर टाकणं, हेच खरं रक्षण.

लावायचं कुठं, जपायचं कसं

गरम हवा वर जाते म्हणून यंत्र छताला, शक्यतो खोलीच्या मधोमध. भिंतीपासून आणि दिव्यापासून एक फूट तरी लांब. कोपऱ्यात हवा कोंडते, तिथं नको. चुलीच्या किंवा शेगडीच्या थेट डोक्यावर नको, दोन-तीन हात बाजूला. पंख्याच्या झोतात नको.

महिन्यातून एकदा बटण दाबून वाजवा. आम्ही गटाच्या मासिक बैठकीचा दिवसच धरलाय, बैठकीला निघायच्या आधी प्रत्येकीनं बटण दाबून यायचं. हजेरी घेताना विचारतो, "वाजलं का?" काडेपेटी पेटवून, मेणबत्ती धरून तपासायला जाऊ नका, यंत्र जळेल किंवा तुमचा हात. दिवाळीच्या झाडझुडीत त्यावरची जळमटं मऊ ब्रशनं काढा. ओल्या फडक्यानं धुवू नका. घर रंगवताना त्यावर रंग मारू नका.

मधूनच दर मिनिटाला बारीक "टिक" असा आवाज यायला लागला तर बॅटरी संपत आलीय. आवाजाचा त्रास होतो म्हणून यंत्र काढून ठेवू नका, बॅटरी आणा. १० वर्षांनी यंत्रच बदलायचं, तारीख मागच्या बाजूला छापलेली असते. बसवलेल्या दिवसाची तारीख आपणही त्यावर स्केचपेननं लिहून ठेवावी.

हे यंत्र काय करत नाही

हे नीट ऐका, कारण नको तिथं भरवसा ठेवला की काय होतं ते आम्ही भोगलंय.

हीट अलार्म आग विझवत नाही, तो फक्त हाक मारतो. आणि ती हाक धुराच्या अलार्मपेक्षा उशिरा येते, कारण हवा तापायला वेळ लागतो. रात्रीच्या आगीत माणसं ज्वाळेच्या आधी धुरानं गुदमरतात. म्हणून ज्या खोलीत फक्त झोपता, जिथं चूल नाही, तिथं धुराचाच अलार्म लावा. स्वयंपाकघरात उष्णतेचा, झोपायच्या खोलीत धुराचा, अशी जोडी चांगली. एकाच खोलीत चूल आणि झोपणं असेल तर हीट अलार्म लावा. मात्र तो वाजेल तेव्हा हातात वेळ थोडा असेल, हे धरून चाला. दाराशी पेटी, सायकल, पोतं असं काही अडवून ठेवू नका.

गॅस गळाला तर हीट अलार्मला कळत नाही. त्यासाठी गॅसचं वेगळं यंत्र मिळतं. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, खाली साचतो, म्हणून ते यंत्र जमिनीपासून फूटभर उंचीवर लावतात. हे छताला आणि ते खाली, उलटं करू नका. गॅसचा वास आला तर दिव्याचं बटण चालू करू नका, बंदही करू नका. रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, बाहेर या आणि १९०६ या नंबरला फोन करा.

आणि थंडीत बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपलं तर जो विषारी वायू होतो, त्याला ना रंग ना वास. हीट अलार्मला तोही कळत नाही. शेगडी बाहेर ठेवूनच झोपा.

वाजल्यावर पुढं काय?

यंत्र वाजलं आणि घरात कोणाला काय करायचं ते माहीत नसलं, तर नुसता गोंधळ. म्हणून आजच संध्याकाळी जेवताना चार गोष्टी ठरवा.

लहान लेकरू कोण उचलणार? आजी-आजोबांना कोण उठवणार? ज्यांना कमी ऐकू येतं त्यांच्या खाटेपाशी कोण जाणार? तिथं नाव घेऊन ठरवा, "कोणीतरी जाईल" असं नको. बाहेर पडल्यावर सगळ्यांनी जमायची जागा ठरवा, पार असेल, हापसा असेल. म्हणजे कोण आलं, कोण राहिलं ते लगेच कळतं.

धूर झाला असेल तर वाकून, जमिनीलगत चालत बाहेर या. कढईतल्या तेलानं पेट घेतला तर पाणी अजिबात टाकू नका, तेल उडून आग पसरते. गॅस बंद करता येत असेल तर करा, परात किंवा मोठं झाकण बाजूनं सरकवत कढईवर टाका आणि गार होईपर्यंत उघडू नका. विजेची आग असेल तर आधी मेन स्विच, तोवर पाणी नाही. अग्निशमनाचा नंबर १०१, कुठल्याही संकटाला ११२, रुग्णवाहिकेला १०८. भाजलं तर साधं गार पाणी २० मिनिटं ओतत राहा. टूथपेस्ट, शाई, हळद काही लावू नका.

आणि एकदा बाहेर आल्यावर परत आत जायचं नाही. पैशासाठी नाही, दागिन्यासाठी नाही, मिरचीच्या पोत्यासाठी तर नाहीच. आमच्या मैत्रिणीला हे आम्ही आधी सांगितलं असतं तर तिचा हात वाचला असता. आता दर बैठकीत तीच हात पुढं करून नव्या बायांना सांगते.

एकीच्या घरची हाक शेजारी पोचावी

शेवटी दूर देशातली एक गोष्ट सांगतो, कारण ती आपल्या गटांच्या कामाची आहे. दक्षिण आफ्रिकेत केपटाऊन शहराजवळ खायेलित्शा नावाची मोठी वस्ती आहे. पत्र्याची घरं, एकाला एक चिकटलेली. स्वयंपाक आणि उजेड बऱ्याच घरांत रॉकेलवर, मेणबत्तीवर. १ जानेवारी २०१३ ला तिथल्या एका भागात आग लागली, माणसं दगावली आणि हजारो लोक बेघर झाले. त्यानंतर केपटाऊन विद्यापीठातल्या काही मंडळींनी अशा वस्तीसाठी एक यंत्र तयार केलं, त्याचं नाव लुमकानी. तिथल्या खोसा भाषेत त्याचा अर्थ सांभाळा, जपून राहा.

त्यांच्यापुढंही आपलाच प्रश्न होता. रॉकेलच्या धुरात धुराचा अलार्म टिकणार नाही, म्हणून त्यांनी उष्णता ओळखणारं यंत्र केलं. आणखी एक गोष्ट केली. घरं इतकी जवळ, की एका घरची आग पाच मिनिटांत दहा घरांची होते. म्हणून ही यंत्रं एकमेकांशी बिनतारी जोडली. एका घरात वाजलं आणि ते बंद केलं गेलं नाही, तर काही क्षणांत आजूबाजूच्या सुमारे ६० मीटरमधली यंत्रंही वाजायला लागतात. घरात कोणी नसलं तरी शेजारी धावतात.

आमच्या खोलीत नेमकं हेच हवं होतं, कारण रात्री तिथं कोणी नसतं. रिकाम्या खोलीत भोंगा वाजला तरी ऐकणार कोण? आपल्याकडेही एकमेकांशी बिनतारी जोडलेले अलार्म मिळतात, एक खोलीत, दुसरा शेजारच्या घरात. दुकानात "इंटरकनेक्ट होणारे" म्हणून विचारा. ते परवडलं नाही तरी यंत्र अशा भिंतीकडे लावा, की पलीकडे झोपणाऱ्याला आवाज जाईल.

गटानं घ्यायचे असतील तर आधी एकच घ्या, एका मैत्रिणीच्या घरी महिनाभर लावून पाहा, मग बाकीचे. आधी कोणाकडे, यावर भांडणं होतात. आमच्याकडेही झाली. आम्ही असं ठरवलं: आधी गटाची कामाची खोली, मग जिथं अंथरुणाला खिळलेलं माणूस किंवा तान्हं मूल आहे ते घर, मग जी घरी तळणाचं, पापड-कुरड्यांचं काम करते तिचं घर, मग बाकीच्या. चिठ्ठ्या टाकल्या नाहीत, अध्यक्षबाईंनाही आधी दिला नाही.

आमच्या कांडपाच्या खोलीत आता दोन अलार्म आहेत. एक खोलीत, फळीवर, पत्र्यापासून पाच इंच खाली. दुसरा पलीकडे आजींच्या खाटेवर. बसवले त्या दिवशी बटण दाबलं तर दोन्ही एकदम वाजले. आजी दचकून म्हणाल्या, "बंद करा वो, मेलेलं माणूस उठंल!" आम्ही म्हटलं, "आजी, असंच पाहिजे."

तर मैत्रिणींनो, या आठवड्याचं काम एवढंच. कोणाच्या घरी, गटाच्या खोलीत, अंगणवाडीत, गिरणीत असं एखादं यंत्र आधीच लावलेलं असेल, तर आज जाऊन त्याचं बटण दाबा. वाजलं तर छान. नाही वाजलं तर पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर तो विषय पहिला घ्या.

भेटू पुढच्या वेळी. सांभाळून राहा. नमस्कार.